कानाला हात पोचला का?

जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, त्या काळात शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची हेडमास्तर एकच परीक्षा घेत. उजवा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि डावा कान धर. धरता आला की नाव पटावर, नाही तर ‘पुढच्या वर्षी आणा’. आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो, तो अशाच अंदाजाने मांडलेल्या वयामुळे.

ही युक्ती अडाणी मुळीच नव्हती. जर्मनीत शाळाप्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीतही ती वापरली जायची, तिथे तिला ‘फिलिपिनो माप’ म्हणत. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि हात आखूड. पुढे डोकं हळूहळू वाढतं, हातपाय झपाट्याने लांबतात आणि सहाव्या वर्षाच्या आसपास बोटं कानाला टेकतात. म्हणजे वय बऱ्यापैकी कळायचं. पण ते हाडांचं वय. बाकावर बसून गोष्ट ऐकणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, पाच शेंगदाणे मोजणं, म्हणजे शाळेसाठीची खरी तयारी, याबद्दल कान काहीच सांगत नाही.

शेंगदाण्यांचंच घ्या. पाहुण्यांसमोर शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं पोर घरोघरी असतं. त्याच्यापुढे पाच दाणे ठेवा आणि मोजायला सांगा. एकेका दाण्यावर बोट ठेवत ते ‘पाच’पर्यंत येईल. मग विचारा, ‘किती आहेत?’ बरीच लहान मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, ही गोष्ट त्यांना अजून उमगलेली नसते. ती उमगते साधारण साडेतीन-चार वर्षांनंतर, आणि शाळेतल्या गणिताचा पाया तीच आहे. पाठांतराचं कौतुक करण्याच्या नादात आपण नेमकी हीच पायरी तपासायची विसरतो.

मनाला आवर घालता येणं हेही मोजतात. अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या मेगन मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक खेळ बसवला. ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की मुलाने पायाची बोटं धरायची, ‘पाय’ म्हटलं की डोकं. ऐकलं तसं करण्याची ऊर्मी दाबायची, नियम ध्यानात ठेवायचा आणि लक्ष ढळू द्यायचं नाही, हे तिन्ही एकाच वेळी. आपल्याकडे ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र’ खेळताना म्हशीला बोट वर करणारा पोरगा नेमका इथेच फसतो. आजीने फक्त गुण लिहून ठेवले नाहीत, एवढंच.

आता कळीचा प्रश्न. पाचव्या-सहाव्या वर्षी मोजलेल्या या गोष्टी पुढचं काय सांगतात? ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या सहा दीर्घकालीन पाहण्यांची आकडेवारी एकत्र तपासली. शाळेत येतानाचं गणित पुढच्या यशाशी सगळ्यांत जास्त जुळलं, त्याखालोखाल वाचनाची तयारी, मग लक्ष देण्याची क्षमता. वागण्यातल्या अडचणींचा संबंध फारसा दिसला नाही. (यश म्हणजे इथे वाचन-गणिताची प्रगती, हे विसरू नये. मूल वर्गात रमलं का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.)

पण ‘सगळ्यांत जास्त’ म्हणजे ‘पुष्कळ’ नव्हे. कॅरेन ला पॅरो आणि रॉबर्ट पियांटा यांनी २००० साली ७० अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा बौद्धिक चाचण्यांवरून पहिली-दुसरीतल्या मुलामुलांमधल्या फरकाचा जेमतेम पाव हिस्सा उलगडला. सामाजिक वागणुकीच्या मापाने तर दहावा हिस्साही नाही. उरलेल्या फरकात शिक्षक, घर, आजारपणं आणि मुलाची स्वतःची उसळी यांचाही वाटा असणार. या वयाची पोरं सोमवारी काहीच बोलत नाहीत आणि गुरुवारी थांबत नाहीत. एका सकाळच्या चाचणीवरून एका मुलाचा निकाल लावणं मला तरी शास्त्रीय वाटत नाही. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला बंदी घातली, ती त्यामुळे मला नुसती न्यायाची नव्हे, मोजमापाच्या दृष्टीनेही शहाणपणाची वाटते.

मग मोजायचंच कशाला? याचं उत्तम उत्तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालं. डॅन ऑफर्ड आणि मॅग्डलेना जेनस यांनी बनवलेल्या प्रश्नावलीत मुलाची परीक्षाच नाही. काही महिने वर्गात पाहिल्यावर बाईच शंभरावर प्रश्नांची उत्तरं भरतात: पेन्सिल धरता येते का, दुसऱ्याला मदत करतं का, उपाशी येतं का, उशिरा येतं का. शेवटचे दोन प्रश्न मुलाचे नाहीतच, ते घराचे आणि वस्तीचे आहेत. निकालही एकेका मुलाचा लावत नाहीत, वस्तीचा लावतात. ऑस्ट्रेलियाने २००९ पासून दर तीन वर्षांनी देशभर हे मोजायला घेतलं. त्या पहिल्या खेपेला मुलाच्या विकासाच्या प्रत्येक क्षेत्रात तळाच्या दहा टक्क्यांवर जी रेघ पडली, तीच पुढेही कायम ठेवली, म्हणून सुधारणा की घसरण ते कळतं. २०२१ मध्ये पाच क्षेत्रांपैकी निदान एकात त्या रेघेखाली असलेली मुलं २२ टक्के होती. वाचनालय कुठे हवं, नर्स कुठे हवी, हे असा नकाशा पाहून ठरवता येतं.

महाराष्ट्रात २०२२ पासून उन्हाळ्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. पहिलीत जाणारं मूल आईबरोबर टेबलामागून टेबल फिरतं, उड्या मारतं, लहान-मोठं लावतं, चित्राबद्दल बोलतं आणि त्याच्या विकास पत्रावर नोंद होते. पुढचे काही आठवडे आया गटाने घरीच कृती करून घेतात, आणि जूनमध्ये दुसरा मेळावा. इथे मोजण्याच्या लगोलग हालचाल आहे, म्हणून मला ते पटतं. धास्ती एकच, भाषेची. मेळघाटातली कोरकू बोलणारी मुलगी मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहिली, तर कागदावर तिची समज कमी दिसते. खरं तर कमी असतं ते तिचं मराठी.

आणि वय? ते तरी आता सुटलं असेल असं वाटतं, कारण दाखले आहेत. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०१९ च्या पाहणीत २४ राज्यांतल्या २६ ग्रामीण जिल्ह्यांमध्ये ४ ते ८ वर्षांची मुलं तपासली. पहिलीत बसलेल्यांपैकी सहा वर्षांची होती जेमतेम ४२ टक्के. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सात-आठ वर्षांची, आणि पाचातलं एक तरी चार किंवा पाच वर्षांचं. याच पाहणीत चित्राचे तुकडे जुळवणं, क्रम लावणं, नमुना ओळखणं ही कामं वयाबरोबर ठळकपणे सुधारताना दिसली. पुस्तकाचं पहिलं पान मात्र सगळ्यांना एकच. त्या पाचातल्या एकाला जुन्या हेडमास्तरांनी बहुधा कानाला हात लावायला सांगितलं असतं, आणि पुढच्या वर्षी बोलावलं असतं.