शून्य रोध, तरीही उष्णता : एसी प्रवाहावरच्या अतिवाहक कॉइलची पार्श्वभूमी

अतिवाहक तारेचा रोध शून्य असतो, मग अशा तारेची कॉइल ट्रान्सफॉर्मरमध्ये बसवल्यावर तापते कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. शून्य रोधाची हमी असते ती न बदलणाऱ्या, एकाच दिशेच्या प्रवाहापुरती (डीसी). प्रवाह दिशा उलटत (एसी) सेकंदाला ५० आवर्तने करू लागला की प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा तारेतच जिरते. तिला ‘एसी लॉस’ म्हणतात, आणि त्याची मुळे शोधायची तर बरेच मागे जावे लागते.

१९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला हायके कामरलिंग ओनेस यांना ४.२ केल्व्हिनच्या (उणे २६९ अंश सेल्सिअस) आसपास पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला दिसला. दोनच वर्षांत ते १ लाख गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबकाची भाषा बोलू लागले. पण त्यांच्या शिशाच्या कॉइलने काही शे गॉसलाच हाय खाल्ली, कारण क्षेत्र थोडे वाढले की अतिवाहकताच संपायची. १९५७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी दाखवले, की काही अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला पूर्णपणे बाहेर न ठेवता बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरू देतात आणि तरीही अतिवाहक राहतात. १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी ८.८ टेस्लाच्या (८८ हजार गॉस) क्षेत्रात निओबियम-टिनमधून प्रचंड प्रवाह नेला, आणि ओनेस यांचा चुंबक आवाक्यात आला.

खरी गोम या भोवऱ्यांतच आहे. प्रवाहाच्या जोराने ते सरकू लागले तर ऊर्जा खर्च होते. म्हणून धातूत मुद्दाम सूक्ष्म दोष निर्माण करून त्यांना जागच्या जागी अडकवतात. डीसी चुंबकासाठी ही पकड म्हणजे वरदानच. एसीमध्ये मात्र क्षेत्र सतत उलटसुलट होते, आणि त्याच भोवऱ्यांना त्याच पकडीतून ओढून काढत आत-बाहेर करावे लागते. ज्या गुणामुळे तार उपयोगी ठरली, तोच गुण एसीत उष्णता निर्माण करतो.

या उष्णतेचा हिशेब १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चार्ल्स बीन यांनी थक्क करणाऱ्या साधेपणाने मांडला : तारेच्या आत एखाद्या जागी प्रवाह एक तर वाहतच नाही, नाहीतर पूर्ण क्रांतिक मूल्याने (पदार्थ पेलू शकेल तेवढ्या कमाल प्रमाणात) वाहतो, अधलेमधले काही नाही. एवढ्यावरून हिस्टेरिसिसचे वेटोळे (क्षेत्र चढता-उतरताना तारेचे चुंबकन मागे रेंगाळल्याने आलेखावर बनणारी बंद वक्ररेषा) काढता येते आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनाचा लॉस. क्षेत्र तारेच्या गाभ्यापर्यंत पोचत असेल तर हा लॉस तारेच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. पुढे १९७० मध्ये नॉरिस यांनी तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या स्वतःच्या क्षेत्रामुळे होणाऱ्या लॉसची सूत्रे दिली. त्यांनुसार पातळ पट्टीत, प्रवाह मर्यादेच्या बराच खाली असताना, लॉस प्रवाहाच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे प्रवाह निम्मा केला की लॉस साधारण सोळावा हिस्सा!

जाडीवरचा उपाय उघड होता : तारेचे बारीक तंतू करायचे आणि ते तांब्यात बसवायचे. पण एवढ्याने भागले नाही. बदलत्या क्षेत्रात प्रवाह एका तंतूतून जातो, तांबे ओलांडून दुसऱ्या तंतूतून परततो, आणि सगळे तंतू मिळून पुन्हा एका जाड तारेसारखे वागतात. इंग्लंडच्या रदरफोर्ड प्रयोगशाळेत मार्टिन विल्सन, पीटर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास यावर तोड काढली, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत देखणी वाटते ती हीच : तारेला पीळ द्यायचा. पीळ दिला की दर अर्ध्या पिळाला विद्युतदाबाची दिशा उलटते आणि लांबवर फिरणारा प्रवाह साठूच शकत नाही. तंतू-तंतूंमध्ये फिरणाऱ्या या प्रवाहाचा लॉस, म्हणजे जोड-लॉस, पिळाच्या लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणून पीळ जितका आखूड तितके बरे. आज जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या कणत्वरकामधल्या जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या तारेत काही हजार तंतू असतात, प्रत्येक सुमारे ६-७ मायक्रॉनचा, आणि पीळ दीड-दोन सेंटिमीटरचा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही निओबियम-टायटॅनियमच्या बहुतंतू तारा तयार झाल्या आहेत.

पण त्वरकाचे क्षेत्र सावकाश चढते; ५० हर्ट्झची गोष्ट वेगळी. १९८० च्या दशकात फ्रान्स आणि जपानमध्ये मायक्रॉनहूनही बारीक तंतूंच्या तारा ओढल्या गेल्या, तंतूंमध्ये तांब्याऐवजी जास्त रोधाचे तांबे-निकेल घालून. तरी शीतकरणाचे गणित सुटेना. ४.२ केल्व्हिनला १ वॅट उष्णता उपसायला तत्त्वतःच सुमारे ७० वॅट लागतात, प्रत्यक्षात काही शे.

१९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी उच्च तापमानाचे अतिवाहक शोधले आणि वर्षभरात द्रवरूप नायट्रोजनचे ७७ केल्व्हिन पुरेसे ठरले. तिथे त्याच १ वॅटला दहा-वीस वॅटमध्ये भागते. १९९७ मध्ये जिनिव्हात एबीबी कंपनीचा ६३० केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपियर) अतिवाहक ट्रान्सफॉर्मर वीजजाळ्याला जोडला गेला.

नव्या पदार्थाने मात्र जुनी अडचण परत आणली. त्याची तार होत नाही, टेप होते : ४ किंवा १२ मिलिमीटर रुंद, आणि अतिवाहक थर मायक्रॉनभर जाडीचा. क्षेत्र टेपला समांतर असेल तर लॉस नगण्य. लंब असेल तर सारी रुंदी मोजली जाते. कॉइलच्या मध्यभागी क्षेत्र जवळपास समांतर राहते, पण दोन्ही टोकांना बलरेषा वळतात आणि टेपला आडव्या भिडतात. त्यामुळे कॉइलची टोकेच जास्त तापतात. म्हणून टोकांजवळ बलरेषा वळवणारे चुंबकीय तुकडे बसवतात, टेपवर लेसरने चिरा पाडतात, किंवा लुडविग रोबेल यांनी १९१२ मध्ये जनित्रांच्या तांब्याच्या पट्ट्यांसाठी शोधलेली गुंफण टेपला लावतात. न्यूझीलंडच्या १ एमव्हीए (हजार केव्हीए) ट्रान्सफॉर्मरच्या कमी दाबाच्या गुंडाळीत ही रोबेल केबल वापरली गेली.

विद्युत मोटर आणि जनित्रांत बहुतेक अभियंते अजूनही सावध आहेत. फिरणाऱ्या भागावर डीसी असते, तिथे अतिवाहक. बाहेरच्या स्थिर गुंडाळीत एसी, तिथे तांबेच.