समुद्राचं कडू पाणी आणि छातीतली जळजळ

चवथ सरली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आमच्या फोंड्याच्या फार्मसीत एकच मागणी सुरू होते. "पित्ताचं काहीतरी दे रे." नेवऱ्या, खतखतं, रोजची तळणं, रात्री उशिरापर्यंत आरत्या आणि फुगड्या, त्यानंतर अकरा वाजता जेवण. मग आंबट ढेकर, घशाशी येणं, छातीत जळजळ. काउंटरमागे इतकी वर्षं काढल्यावर गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं की हा जळजळीवाला आहे.

यंदा मात्र शेजारच्या वाड्यावरच्या मावशींनी वेगळंच मागितलं. "तुझ्याकडे मॅग्नेशियमच्या गोळ्या आहेत का? त्या जळजळीवर फार चांगल्या म्हणे. मोबाईलवर दाखवलं." मावशी गेली सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, घेतात. म्हणून त्यांच्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देणं मला पटेना. जळजळ आणि मॅग्नेशियम यांचं नातं अडीचशे-तीनशे वर्षांचं आहे. पण ते ज्या मॅग्नेशियमशी आहे, ते कॅप्सुलात भरून आज विकलं जातं तेच असेल असं नाही.

पोटातलं आम्ल मारायला पांढरी भुकटी वापरायची ही कल्पना मॅग्नेशियमहून पुष्कळ जुनी. आयुर्वेदात आम्लपित्ताचं स्वतंत्र वर्णन काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात आहे. वैद्य त्यावर शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळपिष्टी देत आले. कामदुधा रसात तर मोती, पोवळं, शिंपला, कवडी, शंख असा सगळा समुद्रच असतो. रसायनाच्या भाषेत शंख, शिंपले, मोती हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत जास्त तापलं तर त्याचा चुना. दोन्ही आम्ल शमवतात. चघळायच्या कितीतरी अँटासिड गोळ्यांत आजही कॅल्शियम कार्बोनेटच असतं.

याच घराण्यातली एक वस्तू गोव्याच्या नावाने युरोपभर गाजली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला. पणजीत चर्चसमोरच्या नगरउद्यानाला त्याचं नाव आहे. त्या ग्रंथात त्याने बेझोआर खड्याची चर्चा केली आहे. हा खडा बकऱ्यासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात सापडे आणि विषावरचा उतारा म्हणून सोन्याच्या भावाने विकला जाई. पुढे सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांनी, त्यातही गास्पार आंतोनियो या फ्लोरेन्सहून आलेल्या ब्रदरने, त्याची कृत्रिम आवृत्ती तयार केली. तोच 'गोवा स्टोन'. शिंपले, पोवळं, मोती, रत्नांची पूड, अंबर, कस्तुरी, डिंक असं एकत्र मळून त्याचे गोळे करत आणि सोन्याचा मुलामा देत. लागेल तेव्हा थोडं खरवडून पाण्यातून किंवा चहातून घ्यायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक गोळा त्याच्या सोन्याच्या जाळीदार डब्यासह ठेवलेला आहे. विषबाधा त्याने बरी होत नव्हतीच. पण ते खरवडून प्यायल्यावर एखाद्याच्या पोटातली आग थोडी निवली असेल, तर त्यातल्या शिंपल्यांमुळे निवली असेल, असं मला फार वाटतं.

मॅग्नेशियम या गोष्टीत येतं ते इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या पाण्यातून. सांगतात की १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात हेन्री विकर नावाच्या माणसाची गुरं एका डबक्यातलं पाणी तोंडाला लावेनात, इतकं ते कडू होतं. ते प्यायलं की पोट साफ होतं हे लोकांच्या लक्षात आलं आणि एप्समला रीघ लागली. नेहेमाया ग्रू याने १६९५ मध्ये या पाण्यातल्या क्षारावर पुस्तक लिहिलं. हा क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आपल्याकडे दुखऱ्या पायांसाठी बादलीत टाकतात तेच एप्सम सॉल्ट. ते रेचक आहे, जळजळीवरचं नव्हे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये 'मॅग्नेशिया आल्बा' या नावाची पांढरी भुकटी गुप्त रामबाण म्हणून विकली जाऊ लागली. ते होतं मॅग्नेशियम कार्बोनेट.

या भुकटीला शास्त्राचा आधार मिळाला तो जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश तरुणामुळे. एडिंबरोत वैद्यकी शिकताना त्याला मूतखडा विरघळवण्यासाठी चुन्याच्या निवळीचा अभ्यास करायचा होता. पण त्या निवळीवरून दोन प्राध्यापकांत वाद चाललेला. त्यात पडायला नको म्हणून त्याने मॅग्नेशिया निवडलं. १७५४ चा त्याचा प्रबंध अन्नातून उत्पन्न होणारा आम्लरस आणि मॅग्नेशिया आल्बा यांवर आहे. म्हणजे विषय सरळसरळ आपलाच, जेवणानंतरची जळजळ! त्याने ही भुकटी तापवली, तर तिचं वजन घटलं. न तापवलेली भुकटी आम्लात फसफसायची, तापवलेली गुपचूप विरघळायची. जो वायू निघून गेला तो आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणून ओळखतो. वायूंच्या रसायनाचा एवढा मोठा शोध लागला तो अँटासिडचा अभ्यास करताना, हे रसायनाच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे येतं.

काउंटरवर या प्रयोगाचा मला रोज उपयोग होतो. सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घेतलं की मोठा ढेकर येतो आणि लोकांना वाटतं, गॅस निघाला, बरं वाटलं. तो गॅस बहुतेक त्या फसफसणाऱ्या औषधाचाच असतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडमध्ये तो वायू नाही, म्हणून ते गाजावाजा न करता आम्ल शमवतं.

पोटातलं आम्ल नेमकं कोणतं हे ब्लॅकच्या काळी कोणालाच माहीत नव्हतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे विल्यम प्राउट याने १८२३-२४ मध्ये दाखवलं. हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये मॅग्नेशियम हा धातू वेगळा केला होता. औषध मात्र दोन्हींच्या आधीपासून चालत होतं. अडचण होती ती घेण्याची. भुकटी पाण्यात विरघळत नसे, घशाला चिकटे, तोंड खडूसारखं होई. आयर्लंडमधल्या जेम्स मरे या डॉक्टरने १८२९ मध्ये तिथल्या लॉर्ड लेफ्टनंटला, मार्क्वेस ऑफ अँगल्सी याला, स्वतः बनवलेलं द्रवरूप मॅग्नेशिया पाजलं. त्याला बरं वाटलं आणि मरेचं नाव झालं, पुढे त्याला सर हा किताबही मिळाला. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये चार्ल्स हेन्री फिलिप्स याने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात दुधासारखं तरंगत ठेवण्याची कृती पेटंट केली. त्याचं नाव मिल्क ऑफ मॅग्नेशिया, पोर्तुगीजमध्ये लेइत द माग्नेझिया. आमच्या आजोबांच्या कपाटात त्याची निळी बाटली असायची. आजोबा ती उलटीसुलटी करून खालचा साका हलेपर्यंत हलवत, चमच्यात ओतत, आणि पिऊन झाल्यावर ओठांवर पांढरी मिशी राहायची. ती पुसल्याशिवाय आजी त्यांना पान देत नसे.

आता थोडं समुद्राकडे जाऊ. आगरवाड्याला किंवा रायबंदरला मिठागरं पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल की मीठ धरल्यावर खाजणात थोडं पाणी मागे राहतं. त्यात बोट बुडवून जिभेला लावा. खारट नाही, कडू लागतं. समुद्राच्या एका लिटरात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि मीठ खाली बसल्यावर ते या उरलेल्या पाण्यात दाटतं. ताजं मीठ ढिगाने निथळत ठेवतात ते हा कडवटपणा गळून जावा म्हणून. तरी थोडा राहतोच. पावसाळ्यात बरणीतल्या गावठी मिठाला पाणी सुटतं ते त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा धरतं म्हणून. या समुद्राच्या पाण्यात चुना मिसळला तर पांढरा साका खाली बसतो. तो साका म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, आजोबांच्या बाटलीतलं तेच. अमेरिकेत टेक्सासच्या फ्रीपोर्ट बंदरात डाऊ कंपनीने १९४१ पासून याच रीतीने समुद्रातून मॅग्नेशियम धातू काढला, आणि त्यासाठी चुना केला कालवांचे शिंपले भाजून. मिठागरं आणि शिंपल्यांचा चुना, दोन्ही ज्याने लहानपणी पाहिलेत त्याला हे वाचताना घरचं काहीतरी भेटल्यासारखं होतं.

मॅग्नेशियमचा एक गुण कधीच सुटला नाही. पोटात आम्लाशी मिळून त्याचा क्षार होतो, तो आतड्यात पाणी ओढून घेतो, आणि पोट सैल होतं. उलट अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडने मलावरोध होतो. विसाव्या शतकात दोन्ही एकत्र आणून तोल साधला गेला. अमेरिकेतलं मालॉक्स हे नावच या दोन धातूंच्या नावांतून जुळवलेलं. आपल्याकडचं गुलाबी डायजिन याच जातीचं, वर फुगा फोडणारं सिमेथिकोन. त्याचं जेल गोव्यातल्या कारखान्यातही तयार होत असे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका बाटलीतलं जेल पांढरं, कडू आणि उग्र वासाचं असल्याची तक्रार आली आणि अ‍ॅबॉट कंपनीने गोव्यात बनलेलं जेल बाजारातून स्वतःहून परत घेतलं. केंद्रीय औषध नियंत्रकांनीही सूचना काढली. गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि कोणाच्या प्रकृतीला अपाय झाल्याची नोंद नाही, असं कंपनीने सांगितलं. ते दिवस मला चांगले आठवतात. प्रत्येक गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून रंग बघायचं.

तोवर जळजळीचं मुख्य औषध बदललंही होतं. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडीन १९७६ मध्ये बाजारात आलं. हेही ब्लॅक, हेही स्कॉटलंडचे, आणि त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी ओमेप्रॅझोल आलं, मावशींच्या पॅन्टोप्रॅझोलच्याच जातीचं. तयार झालेलं आम्ल मारायचं सोडून आम्ल तयारच होऊ द्यायचं नाही, हा नवा विचार. ज्यांची अन्ननलिका आम्लाने सोललेली आहे, ज्यांना व्रण आहे, त्यांच्यासाठी ही औषधं मोठी देणगी आहे आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. पण आपल्याकडे ती 'गॅसची गोळी' झाली. अँटिबायोटिकबरोबर द्या, सांधेदुखीच्या गोळीबरोबर द्या, चवथीबरोबर द्या, आणि मग वर्षानुवर्षं चालू राहू द्या.

आणि इथे मॅग्नेशियम पुन्हा दारात उभं राहतं. २ मार्च २०११ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की ओमेप्रॅझोल-पॅन्टोप्रॅझोलच्या जातीची औषधं दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून अधिक, घेणाऱ्यांच्या रक्तातलं मॅग्नेशियम घसरू शकतं. पायात गोळे येणं, हात थरथरणं, हृदयाचे ठोके चुकणं, क्वचित झटके. लघवीच्या गोळ्या सोबत असतील तर धोका जास्त. नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, मूळ गोळी थांबवावी लागली.

मोबाईलवरच्या जाहिरातीत या साऱ्याची खिचडी होते. ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट हे आम्ल शमवतात, आणि तेही पोटात असतील तेवढाच वेळ. ग्लायसिनेट वगैरे प्रकार अंगात मॅग्नेशियमची भर घालायला आहेत, आम्ल शमवायला नाहीत. पूरक गोळ्यांनी जळजळ जाते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. "मॅग्नेशियम स्नायू सैल करतं म्हणून जळजळ थांबते" हे तर मला उलटंच वाटतं. आम्ल वर येतं तेच मुळी अन्ननलिकेच्या तळाची झडप नको तेव्हा सैल पडते म्हणून. त्यात मूत्रपिंड अधू असेल तर जादाचं मॅग्नेशियम बाहेर पडत नाही आणि ते घातक ठरू शकतं. थायरॉइडची गोळी, लोह, काही अँटिबायोटिक यांच्याबरोबर घेतलं तर त्यांचं शोषण अडतं, मध्ये काही तासांचं अंतर हवं. आणि गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल, वजन उतरत असेल, तर फार्मसीत न येता डॉक्टर गाठायचा. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ते पित्त समजून बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

एवढं सगळं मावशींना मी काउंटरवर सांगितलं नाही. मागून लोक खोळंबले होते. विचारलं एवढंच, की रात्री पायात गोळे येतात का. "येतात की. वयाने येतात." मग गोळ्या न देता त्यांना चिठ्ठी लिहून दिली, डॉक्टरांना दाखवा म्हणून, त्यात पॅन्टोप्रॅझोल किती वर्षं चालू आहे तेही लिहिलं. आठवड्याने त्या रिपोर्ट घेऊन आल्या. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठीक, मॅग्नेशियम १.५, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही थोडं खाली. डॉक्टरांनी मॅग्नेशियम लिहून दिलं होतं आणि सकाळची गोळी हळूहळू कमी करायला सांगितली होती.

"म्हणजे मी मागत होते तेच दिलं की," मावशी म्हणाल्या.

"तेच. पण पायांसाठी," मी म्हटलं, आणि जळजळ झालीच तर घ्यायला गुलाबी बाटली पिशवीत ठेवली. त्यांनी ती आधी उजेडात धरून बघितली.