पंचविशीची अट: जपानी महिला कुस्तीची पार्श्वभूमी

२९ एप्रिल २०२५ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये मेइको सातोमुरा शेवटची मॅच खेळली. वय ४५, कारकीर्द ३० वर्षांची. त्या दिवशी मला राहून राहून तिचं वयच आठवत होतं. कारण हीच कुस्ती एके काळी अशी होती की पंचविशी आली की मुलीने रिंग सोडायची. कितीही चांगली खेळत असो, निरोपाचा कार्यक्रम व्हायचा, घंटा वाजायची आणि ती घरी जायची. पंचवीसवरून पंचेचाळीसपर्यंतची वाट या बायकांनी कशी काढली, ते सांगावंसं वाटतं.

जपानमध्ये या खेळाला ‘जोशी पुरोरेसु’ म्हणतात. जोशी म्हणजे मुली, बायका. पुरोरेसु हे प्रोफेशनल रेसलिंगचं जपानी वळणाने झालेलं रूप. निकाल आधी ठरलेला असतो. हे सांगितलं की आपल्याकडे लगेच विचारतात, “म्हणजे खोटंच ना?” लहानपणी केबलवर अमेरिकन कुस्ती बघताना आणि तिचे पत्ते जमवताना आम्हीही यावर तासन्‌तास भांडायचो. निकाल ठरलेला असतो, पण पाठ आपटते ती खरीच आपटते. १९८७ मध्ये एका जोडीच्या सामन्यात आकिरा होकुतोची मान मोडली. तेव्हा ती हिसाको उनो या मूळ नावानेच खेळत होती, वय १९. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं सावरून धरत तिने उरलेला सामना पूर्ण केला. ते चित्रण मी एकदाच पाहिलं. पुन्हा बघायचा धीर झाला नाही.

सुरुवात फार साधी आहे. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य जपानमध्ये असताना कॅबरे आणि करमणुकीच्या थिएटरांत बायकांच्या कुस्तीचे खेळ होऊ लागले. इगारी भावंडं त्यातली पहिली, साल १९४८. मग १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची जगज्जेती मिल्ड्रेड बर्क आपल्या कुस्तीगीर बायकांसह जपानच्या दौऱ्यावर आली आणि हा प्रकार मोठ्या सभागृहांत पोचला. रिकिदोझानने पुरुषांच्या कुस्तीने अख्ख्या जपानला वेड लावलं, तेही याच वर्षी.

१९५४ म्हटलं की मला हमीदा बानू आठवते. त्याच वर्षी मुंबईत तिने वेरा चिस्टिलिन या रशियन कुस्तीगीर बाईला मिनिटभराच्या आत चीत केलं होतं. कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड टाकले. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली, तेव्हा ती मोरारजी देसाईंकडे तक्रार घेऊन गेली. पुढे कल्याणमध्ये दूध विकून तिने दिवस काढले. एक बाई आपल्याकडेही रिंगमध्ये उभी होती, पण तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठी तालीम उभी राहिली नाही. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ मध्ये.

जपानमध्ये मात्र १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही कंपनी काढली. चाहते तिला ‘झेंजो’ म्हणतात. कंपनी पुरुषांची, आखाडा मुलींचा. मुलींना तीन गोष्टींची बंदी होती: दारू, सिगारेट आणि पुरुष. पंचविशीची अट याच मालिकेतली. नव्या मुली स्वस्तात मिळायच्या आणि समोर बसणाऱ्या शाळकरी मुलींना थोरल्या बहिणीच्या वयाची नायिका हवी असायची. शिवाय त्या काळच्या जपानमध्ये पंचविशीपर्यंत लग्न व्हायलाच हवं, अशी समजूत घट्ट होती. कंपनीच्या हिशेबाला ती सोयीची पडली.

समोर शाळकरी मुली कुठून आल्या? आधी या खेळाला पुरुषच यायचे. चित्र पालटलं १९७० च्या दशकात. माख फुमियाके ही गाणारी कुस्तीगीर १९७५ मध्ये विजेती झाली आणि पाठोपाठ जॅकी सातो आणि माकी उएदा यांची ‘ब्युटी पेअर’ आली. दोघी रिंगमध्येच गात, गाण्याच्या तबकड्या धडाधड खपत आणि फुजी टीव्हीवरून सगळं घराघरात दिसे. हॉल मुलींनी भरू लागले. मग २७ फेब्रुवारी १९७९ ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात कंपनीने या दोन मैत्रिणींनाच एकमेकींसमोर उभं केलं. हरेल तिने कुस्ती सोडायची. उएदा हरली आणि गेली. सातोही १९८१ मध्ये थांबली.

प्रेक्षकांतल्या या मुली ज्यांना पाहून वेड्या झाल्या त्यांच्यासारखंच व्हायला कंपनीच्या दारात रांगा लावू लागल्या, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. खुर्चीत बसलेली मुलगी दोन-चार वर्षांनी रिंगमध्ये दिसायची. १९८० मध्ये पदार्पण केलेल्यांत चिगुसा नागायो, लायनेस आसुका आणि डंप मात्सुमोतो होत्या. पहिल्या दोघींची १९८३ मध्ये ‘क्रश गॅल्स’ ही जोडी झाली आणि तिने ब्युटी पेअरलाही मागे टाकलं. डंप खलनायिका झाली: रंगवलेला चेहरा, अंगावर चामडं आणि साखळ्या, सोबतीला तिची टोळी.

२८ ऑगस्ट १९८५. ओसाका-जो हॉल. चिगुसा विरुद्ध डंप, हरणारीचं मुंडण. चिगुसाचं कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यांवर आलेलं, आणि ती हरते. तिला रिंगच्या मधोमध खुर्चीत बसवतात. आधी कात्री, मग मशीन. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा तिथे गणवेशाच्या वयाच्या मुली हंबरडा फोडत असतात. कुणी दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, कुणी कठड्यावर ओणवी होऊन तिच्या नावाने ओरडतेय. त्या आवाजात समालोचकाचं बोलणंही बुडून जातं. मी हे चाळीस वर्षांनी, भाषेचा एक शब्द कळत नसताना पाहिलं आणि घशात आवंढा आला. एका बॅचच्या दोघींनी मिळून इतकं मोठं काहीतरी उभं केलं होतं. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा गाठ पडली, तेव्हा चिगुसा जिंकली आणि डंपचं डोकं भादरलं गेलं.

१९८९ मध्ये मात्र चिगुसा आणि आसुका दोघी निवृत्त झाल्या. चिगुसा तेव्हा २४ वर्षांची होती. त्यांच्यामागोमाग प्रेक्षकांतल्या मुलीही गेल्या. झेंजोकडे उरल्या त्या अफाट ताकदीच्या कुस्तीगीर आणि रिकाम्या खुर्च्या. बुल नाकानो आणि आजा काँग यांनी त्या भरल्या. १४ नोव्हेंबर १९९० ला योकोहामात पिंजऱ्यातला सामना झाला. बुल पिंजऱ्याच्या माथ्यावर चढली आणि तिथून खाली पडलेल्या आजावर पाय टाकत झेपावली. आजाचे वडील अमेरिकन कृष्णवर्णीय सैनिक, आई जपानी. चिगुसाची चाहती म्हणून ती या खेळात आली आणि कंपनीने तिला डंपच्या टोळीत घातलं. बुलकडचा लाल पट्टा, म्हणजे कंपनीचं सर्वोच्च विजेतेपद, तिने १९९२ मध्ये जिंकला.

आता खुर्च्यांत पुरुष चाहते जास्त होते आणि त्यांना नुसती कुस्ती हवी होती. कंपन्यांनी आपापसांतले दरवाजे उघडले. २ एप्रिल १९९३ ला होकुतोने, त्याच मान मोडलेल्या होकुतोने, प्रतिस्पर्धी कंपनीच्या शिनोबू कांदोरीला रक्तबंबाळ लढतीत हरवलं. कांदोरी ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत पदक मिळवलेली बाई. माझ्या मते या खेळातला हा सर्वोत्तम सामना. त्याच काळातली दुसरी मोठी कुस्तीगीर मानामी तोयोता, तिचे चाहते यावर माझ्याशी भांडतील. भांडू देत. २० नोव्हेंबर १९९४ ला टोकियो डोममध्ये झालेला महाकार्यक्रम सुमारे दहा तास चालला, इतका की शेवटची गाडी पकडायला लोक मधूनच उठून गेले.

पंचविशीची अट याच वर्षांत मोडली. बुल पंचविशीनंतरही खेळली, होकुतो तर लग्नानंतर आणि मूल झाल्यावरही. चिगुसा १९९३ मध्ये परतली आणि तिने ‘गाएआ जपान’ ही स्वतःची कंपनी काढली. १५ एप्रिल १९९५ च्या तिच्या पहिल्याच कार्यक्रमात पंधरा वर्षांची एक मुलगी पहिला सामना खेळली. तीच मेइको सातोमुरा.

पुढची घसरण झपाट्याने झाली. मात्सुनागांनी जमिनीत आणि शेअरबाजारात पैसा घातला होता. १९९७ मध्ये झेंजोचे चेक वटेनात आणि कुस्तीगीर पांगल्या. २००५ च्या एप्रिलमध्ये आठवड्याभराच्या अंतराने गाएआ आणि झेंजो दोन्ही बंद झाल्या. सातोमुराने सेंदाईला जाऊन नवी तालीम घातली. २०११ मध्ये ‘स्टारडम’चे कार्यक्रम सुरू झाले. त्यांच्याकडेही लाल पट्टा आणि पांढरा पट्टा आहे, झेंजोसारखेच. तिथली हाना किमुरा २३ मे २०२० ला गेली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टीव्हीवरच्या एका कार्यक्रमावरून समाजमाध्यमांत झालेल्या छळानंतर. तिची आई क्योको, स्वतः जुनी कुस्तीगीर, न्यायासाठी झगडत राहिली. २०२२ मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. हानाचे सामने मी अजून बघतो. बघायलाच हवेत असं मला वाटतं.

कोराकुएनमधला रविवारचा दुपारचा कार्यक्रम आपल्याकडे सकाळी आठच्या सुमाराला सुरू होतो. घरात पोह्यांची फोडणी पडलेली असते आणि मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलेला असतो. कुस्तीगीरचं नाव पुकारलं की चाहते तिच्या रंगाच्या कागदी फिती रिंगमध्ये फेकतात. कुणाला लागू नये म्हणून त्यांच्या मधली पुठ्ठ्याची नळी आधीच काढलेली असते. क्षणभर रिंग फितींनी भरून जाते. मग घंटा व्हायच्या आत शिकाऊ मुली दोरांखालून हात घालून तो सगळा रंगीत गुंता भराभर ओढून घेतात, छातीशी कवटाळतात आणि रिंगच्या कडेला वाकून बसतात. नवी मुलगी आली की मी आधी तिला तिथे पाहिलेलं असतं.