फेथिये परिसरातील पर्यटनस्थळे

फेथिये हे तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील, मुग्ला प्रांतातले बंदराचे शहर. लिशिया या इथल्या प्राचीन प्रदेशातले टेल्मेसॉस ते हेच. 1914 साली विमान अपघातात मृत्यू पावलेल्या फेती बे या वैमानिकाच्या स्मरणार्थ 1934 मध्ये शहराला आजचे नाव मिळाले. 1957 च्या भूकंपात बहुतेक घरे पडली. त्यामुळे बंदराकाठची वस्ती नवी आहे, आणि तिच्या पाठीमागच्या कड्यात कोरलेली थडगी मात्र तेवीसशे वर्षांहून जुनी. बहुतेक प्रवासी इथे पोहायला येतात; पण समुद्र, बर्फाचे डोंगर आणि लिशियन अवशेष इतक्या जवळजवळ असणे दुर्मीळच.

कड्यावरचे अमिंटासचे थडगे इ.स.पू. चौथ्या शतकातले असून त्याचे दर्शनी रूप आयोनिक शैलीतल्या ग्रीक मंदिराचे आहे. आतली खोली रिकामी आहे. दगडी दाराची फळी फोडून ती कधीच लुटली गेली. पायऱ्या उघड्या उन्हात असल्याने ऊन कलल्यावर चढावे. शेजारच्या साध्या थडग्यांत लाकडी घराच्या तुळया आणि वाशांची टोके दगडात जशीच्या तशी कोरली आहेत. लिशियन लोकांची घरे कशी असत, हे त्यांवरूनच कळते. शहरातले संग्रहालय छोटे, पण चुकवू नये असे. लेटून या लिशियन देवस्थानी 1973 साली सापडलेला लिशियन, ग्रीक आणि अरमाईक अशा तीन भाषांतला शिलालेख तिथे आहे. लिशियन भाषा उलगडायला त्याची मोठी मदत झाली.

दक्षिणेला सुमारे आठ किलोमीटरवर कायाकॉय हे ओसाड गाव आहे. 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसला जावे लागले. उतारावरची शेकडो घरे आज बिनछपराची उभी आहेत. भिंती सैल झाल्या आहेत, त्यांवर चढू नये. गावामागून ओल्युदेनिझला जाणारी खुणांची पायवाट दोन-अडीच तासांची आहे. वाटेत पाणी मिळेल असे धरून चालू नये.

ओल्युदेनिझच्या खाजणात शिरायला तिकीट लागते, बाहेरची बेल्जेकिझ पुळण मोफत आहे. तिथे वाळूपेक्षा गोटे जास्त आणि पाणी काही पावलांतच खोल होते; पोहता न येणाऱ्यांनी खाजणच निवडावे. मागच्या सुमारे 1,970 मीटर उंच बाबादागवरून पॅराग्लायडिंग चालते. 2021 पासून वर जायला केबल कारही आहे. शिखरावर ढग बसले की उड्डाणे थांबतात, म्हणून हा बेत मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये. किनाऱ्यावर उकडत असले तरी वर गारठा असतो. जाकीट आणि बंद बूट हवेत.

साक्लीकेंत घळ सुमारे 18 किलोमीटर लांब आहे, पण सामान्य प्रवाशाला तिचा सुरुवातीचा थोडाच भाग चालता येतो. कड्याला ठोकलेल्या लाकडी मार्गावरून आत गेल्यावर प्रवाह ओलांडावा लागतो, आणि खरी कसोटी इथेच. झऱ्यांचे बर्फगार पाणी याच जागी येऊन मिळते, त्यामुळे ओढ सर्वांत जास्त इथे. पुढे पाणी उथळ होते. वसंतात बर्फ वितळत असताना प्रवाह ओलांडू देत नाहीत. गुळगुळीत तळव्याच्या चपला निसटतात. रबरी बूट प्रवेशद्वाराशी भाड्याने मिळतात. डोंगरात पावसाची चिन्हे असतील तर आत जाऊच नये.

लिशियाची जुनी राजधानी झॅन्थॉस आणि लेटून 1988 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. झॅन्थॉसचे नेरीड स्मारक, म्हणजे शिल्पांनी सजवलेले मंदिरासारखे थडगे, मात्र तिथे शोधू नये: चार्ल्स फेलोज या ब्रिटिश संशोधकाच्या मोहिमांनंतर ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. हार्पी थडग्यावरची शिल्पेही तिथेच आहेत. मूळ जागी त्यांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. पुढे पातारा: प्राचीन शहराच्या अवशेषांतून वाट थेट लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावर जाते. कॅरेटा समुद्रकासवे इथे अंडी घालतात. मे ते ऑक्टोबर रात्री किनारा बंद असतो, कारण दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. छत्रीचा दांडा कोरड्या वाळूत वर रोवला तर अंड्यांत घुसू शकतो. तो पाण्याजवळच रोवावा.

जवळच्या ठिकाणांना दोल्मुश ही मिनीबस सोयीची. ती वडापसारखी वाटेत हात केला की थांबते. एप्रिल-मे अवशेषांसाठी उत्तम, साक्लीकेंतसाठी जून ते सप्टेंबर. सप्टेंबरअखेर समुद्र अजून उबदार असतो आणि चढणीही सुसह्य होतात, त्यामुळे सगळे एकाच फेरीत पाहायचे तर तेच दिवस निवडावेत.