तीरकमठ्याची शिकार (बेळगाव सीमाभाग)

तीरकमठ्याची शिकार म्हणजे कप्पी, चाक, दुर्बीण अशी कोणतीही यांत्रिक मदत न घेता साध्या धनुष्यबाणाने केलेली शिकार. बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि उत्तर कन्नड या पट्ट्यात ती आज कायद्याने पूर्ण बंद आहे. इथे ती उरली आहे दैवतकथांत, विधींत आणि काही समाजांच्या स्वतःविषयीच्या अभिमानात. अमेरिकेसारख्या देशांत मात्र ती परवाना काढून, हौसेने आणि बरीच भांडाभांडी करत चालू आहे. शिकारी बदलला की या शिकारीचा अर्थही बदलतो. मुद्दा दर वेळी अंतराचा असतो. जनावराच्या वीस-पंचवीस पावलांत जाणे ही कुणाची लाचारी होती, कुणाचा मान, तर कुणी ते बंधन आपणहून घालून घेतले.

अंतर एवढे महत्त्वाचे का, हे हत्यार पाहिले की कळते. गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. फाळ रक्तवाहिन्यांतून गेला तरच जनावर पडते, म्हणून नेम पुढच्या पायाच्या मागे, हृदय-फुप्फुसांच्या जागी धरावा लागतो. मराठीत ‘वर्मी लागणे’ म्हणतात ते हेच. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५० ते ५५ मीटर जातो, दोरीचा आवाज मात्र ३४० मीटर. १८ मीटरवर चरणाऱ्या भेकराला दोरीचा टणत्कार बाण पोचण्याच्या पाव सेकंदाहूनही आधी ऐकू येतो. तेवढ्या वेळात ते उसळी मारण्यासाठी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, पोटात लागतो. अंतर दुप्पट केले तर जनावराला दुपटीहून जास्त वेळ मिळतो. वर्मी लागलेले जनावरसुद्धा जागीच पडत नाही, धावत सुटते. जाणता शिकारी लगेच मागे पळत नाही. अर्धा तास, तासभर तो बसून राहतो आणि मग रक्ताचा माग काढतो. पाठलाग सुरू झाला की जखमी जनावर आणखी लांब जाते आणि जाळीत कुठेतरी वाया जाते.

धनुष्य करणेही निगुतीचे काम. बांबूची फाक घेताना सालीकडची बाजू निशाणाकडे ठेवायची, कारण ताण तीच बाजू सोसते. तासायचे ते आतून. काम नसताना दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर कमठा वाकलेलाच राहतो आणि जोर जातो. बाणाला लावायची पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डावी-उजवी मिसळली की बाण डुलत जातो. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीचीच असते. पावसात मात्र या हत्याराचे हाल होतात. पिसे भिजली की बाण भरकटतो. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीकडे, जांबोटी आणि लोंढ्याच्या रानात पावसाळ्याचे कित्येक महिने सगळे चिंबच असते. त्या दिवसांत इथे तीरकमठ्यावर पोट भरणे किती कठीण असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच या भागातली शिकार म्हणजे धनुष्याची शिकार असे समजणे चूक ठरेल. चिकोडी-निपाणीकडचा मोकळा माळ, खानापूरचे दाट रान, हल्याळ-जोयड्याचा डोंगराळ मुलूख, या तिन्ही ठिकाणी जाळी, फास, कुत्री, भाले आणि पुढे ठासणीची बंदूक यांनीच बहुतेक काम केले. हरणशिकारी (पारधी) समाजाचे कसब फासाचे. पाळीव बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकत जाऊन फास मांडण्याची त्यांची रीत होती. जनावराच्या जवळ जाण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच, तरी त्यासाठी त्यांना धनुष्य लागले नाही. शिकार हे त्यांचे पोट होते. त्यात मिरवण्यासारखे काही आहे असे त्यांना कुणी वाटू दिले नाही. इंग्रजांनी अशा जमातींना गुन्हेगार ठरवून हुबळी, गदग, विजापूर इथल्या वसाहतींत कोंडले. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला.

बेरडांचे तसे नाही. शिकार आणि शिपाईगिरी या दोन्हींत नाव काढलेला हा समाज. त्याच्या लेखी हत्यार बाळगणे हाच मान. १८५७ च्या नि:शस्त्रीकरण कायद्याने ‘हत्यारे जमा करा’ असे फर्मान निघाले, तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी ते धुडकावले. त्या नोव्हेंबरात फौज गावावर चालून गेली, माणसे मेली, पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी झाली. हलगलीवरची कानडी लावणी त्या मुलखात अजून गायली जाते. ती लढाई शिकारीच्या हक्काची होती असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. पण हत्यार हातातून गेले की आपण कोण उरतो, हा प्रश्न तिथे होता आणि बेरडांच्या शिकारीच्या आठवणीतही तोच आहे. हा समाज कण्णप्पाला मानतो. रोज मारलेल्या जनावराचे मांस शंकराला वाहणारा, आणि पिंडीच्या डोळ्यांतून रक्त वाहू लागले तेव्हा स्वतःचे डोळे काढून देणारा हा व्याध. शिकार हीच पूजा होऊ शकते असे म्हणणारी ही कथा कर्नाटकात घरोघरी माहीत आहे.

आणि त्याच समाजात वाल्मीकीला आद्यपुरुष मानतात. वाल्मीकीचा पहिला श्लोक म्हणजे क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक मारणाऱ्या निषादाला दिलेला शाप. धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा पूर्वज आणि त्या शिकारीवरचा पहिला ठपका ठेवणारा, दोन्ही भूमिका एकाच नावात आल्या आहेत. ही विसंगती कुणी फारशी बोलून दाखवत नाही.

आपल्या पुराणांत शिकाऱ्याचा बाण बहुतेक वेळा नको तिथेच लागतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. दशरथाने रात्री आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि श्रावणाचा जीव गेला. पांडूने हरणाच्या जोडीवर बाण मारला, तर हरणाच्या रूपातला किंदम ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाला कृष्णाचा तळपाय हरणासारखा दिसला. नीट पाहिल्याशिवाय दोरी सोडू नये, हा धनुर्धारी शिकाऱ्याचा आजही पहिला नियम आहे. इथे तो शाप, वियोग आणि युगान्ताच्या भाषेत सांगितला आहे. किराताची गोष्ट याहून वेगळी. अर्जुन आणि किरातरूपी शंकर यांचे बाण एकाच डुकरावर बसतात आणि ‘आधी कुणाचा’ यावरून दोघांची जुंपते. पारधीला गेलेल्या कुणालाही हे भांडण अनोळखी वाटणार नाही.

पारध म्हणजे गावाने मिळून केलेली शिकार. घाटाच्या दोन्ही अंगांना तिला हेच नाव आहे. हाकारे रान उठवतात, कुत्री माग घेतात, मोक्याच्या वाटांवर माणसे दबा धरून बसतात. तिथे एकट्याच्या कौशल्यापेक्षा जमाव आणि वाटणी मोठी. कुणाचे हत्यार आधी लागले, हाकाऱ्याला काय, देवाला काय, यावर घटकाभर हुज्जत चालायची. तीरकमठा अशा गर्दीत फारसा कामाचा नाही, कारण उठवलेले डुक्कर भरधाव येते आणि पळत्या जनावरावर बाण वर्मी बसण्याची खात्री नसते. धनुष्याला दबा लागतो, एकांत लागतो आणि वारा तोंडावर लागतो.

संस्थानिकांच्या शिकारीत धनुष्याला जागाच नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी पाळीव चित्ते काळविटावर सोडत. मुधोळच्या घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची जात सांभाळली. मालोजीरावांनी त्यातली कुत्री पंचम जॉर्जला भेट दिली आणि जातीला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. बाकी बंदुका.

शेतकऱ्याला शिकारीच्या अर्थाशी देणेघेणे नसते, त्याला पीक हवे असते. खानापूर तालुक्यात भात पोटरीला आले की डुकरे उतरतात, उसात शिरली तर एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात. माळ्यावर बसून राखण करणे, डबे वाजवणे, शेकोट्या पेटवणे हे जुने उपाय. तारेत वीज सोडणे आणि गावठी बॉम्ब पेरणे हे नवे आणि अघोरी. त्यात गुरे, कुत्री आणि माणसेही सापडतात. डुकराच्या बाबतीत तीरकमठा इतका कुचकामी की या चर्चेत त्याचे नावही निघत नाही.

अमेरिकेतली गोष्ट नेमकी उलट दिशेने गेली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात इशी नावाचा माणूस रानातून बाहेर आला. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा तो शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी, उपासमारीने आणि रोगांनी संपले होते. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. १९१६ मध्ये इशी वारला. पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी ती विद्या पुढे नेली, आणि आज अमेरिकेतल्या धनुर्शिकाऱ्यांची प्रमुख संस्था, १९६१ साली स्थापन झालेली, या दोघांच्याच नावाने ओळखली जाते. ज्याच्या लोकांना बंदुकीने संपवले त्याच्याकडून बंदूक नाकारण्याची परंपरा घ्यावी, याहून कडवट योगायोग या विषयात दुसरा नाही.

विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम दिला. फ्रेड बेअर यांनी कारखाना काढून टोकाला उलट वळलेली धनुष्ये हजारोंनी विकली. पुढे १९६६ मध्ये मिसूरीच्या हॉलिस अॅलन यांनी कप्प्यांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळाल्यावर काही वर्षांत बाजार पालटला. कप्पी असली की दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार निम्म्याहून खाली येतो, नेम धरून थांबता येते, दूरवर मारता येते. साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते याच प्रकारच्या धनुष्यावर. ‘पारंपरिक’ हे बिरूद साध्या धनुष्याला लागले ते कप्पीचे धनुष्य आल्यानंतर. त्याआधी ते नुसते धनुष्य होते.

तिकडच्या पारंपरिक शिकाऱ्यांतही एकमत नाही. एक जण म्हणतो, लाकूड मी तोडावे, कमठा मी तासावा, दोरी मी वळावी, तरच ती परंपरा. दुसऱ्याला कारखान्यातला फायबरग्लासचा कमठा आणि कार्बनचा बाण चालतो, फक्त नेमाची दांडी नको. डोळा आणि हात यांनीच ठरवायचे. तिसऱ्याला हत्याराशी कर्तव्य नाही, त्याला रानात एकटे बसायचे असते आणि रिकाम्या हाताने परतला तरी त्याचा दिवस सार्थकी लागतो. चौथा म्हणतो, माझ्या घरी वर्षाचे मांस यातूनच येते, तत्त्वज्ञान तुमच्यापाशी ठेवा. सगळ्यांना एकच आक्षेप ऐकावा लागतो: साधे हत्यार म्हणजे जास्त जखमी जनावरे. यावर त्यांचे उत्तरही ठरलेले, की आम्ही वीस यार्डांच्या आतच मारतो, नाहीतर दोरी सोडत नाही. हे उत्तर सराव पक्का असेल तरच खरे. रोज शंभर बाण मारणाऱ्याच्या तोंडी ते शोभते, हंगामाच्या आदल्या आठवड्यात कमठा खाली काढणाऱ्याच्या नाही. ब्रिटनमध्ये तर धनुष्याने वन्यप्राणी मारण्यावरच बंदी आहे.

उदयपूरकडचे लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपत. पुढे ते ऑलिंपिकला गेले आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात अवघ्या एका गुणाने त्यांचे पदक हुकले. भारतात शिकारीतून खेळाकडे जाणारी वाट अशी एखाद्याच माणसात दिसते. सीमाभागाच्या दृष्टीने धनुष्याचे खरे वास्तव्य आता देवळात आहे. विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला, म्हणजे आपल्या खंडोबाच्याच एका ठाण्यावर, माघी पौर्णिमेनंतरच्या जत्रेत गोरवय्या, म्हणजे त्या देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून वर्षाची भविष्यवाणी सांगतो. ती ऐकायला लाखांनी माणसे जमतात.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथे आधी मुंबईचा १९५१ चा वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायदा लागू होता. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत हाका देणे, फास लावणे, नुसता प्रयत्न करणे हेही येते. पिकांची नासाडी करणारे जनावर मारायचे तर वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून मुद्दाम, नाव घेऊन वगळला. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. दांडेली-अणशीचे रान आज काळी व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणे हाच गुन्हा आहे. तेव्हा सरावासाठी ऑनलाइन मागवलेले धनुष्य गाडीत टाकून भीमगडच्या रानात शिरणाऱ्याने एकही बाण सोडला नाही तरी तो कायद्याच्या कचाट्यात सापडतो.