बॅटरी बसली की अर्थ गेला?

दरवर्षी एक ऑगस्टला तेच. जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मासे वाहणारी जुनी पिकअप दोन महिने माडाखाली पावसात उभी, आणि जेटीवर जायच्या पहाटे चावी फिरवली की टक्. परत फिरवली, टक् टक् टक्. शेजारचे काका कठड्यावरून सांगतात, "बॅटरी बसली रे." झालं, मग बॉनेट उघडून बघायचे कष्ट कोण घेतो, सरळ नवी बॅटरी. पण दोष अर्थचाही असू शकतो, म्हणजे इंजिनातून बॅटरीच्या मायनसला करंट परत नेणाऱ्या वायरीचा.

बसलेली बॅटरी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पटकन सांगतो. चार-सहा तास उभ्या गाडीत बॅटरीला लावलेला मीटर 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे चार्जिंगला न्या. चार-पाच वर्षं झाली असतील तर तसंही तिचं वय झालंय. बस.

आता अर्थ. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, त्याचा धड धातूचा स्पर्शच नसतो. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, सुरू होताना दोनशेच्या आसपास किंवा जास्तच अँपिअर लागतात आणि तो सगळा करंट परत बॅटरीच्या मायनसला जातो तो एका जाड वायरीतून नाहीतर तांब्याच्या विणलेल्या पट्टीतून. आपल्याकडे खारी हवा, त्यात माशांच्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकत चेसिसवर, त्यामुळे ही पट्टी लगच्या, म्हणजे टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीच्या, आतून हिरवी पडते, वरून काहीच दिसत नाही. तिथे ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा झाला तरी दोनशे अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खर्च. हेडलाइटला पाच-दहा अँपिअर पुरतात, त्यामुळे दिवे झगझगीत लागतात, मग दुसरा शहाणा म्हणतो "बॅटरी ठीक आहे, सेल्फच गेला," आणि सेल्फ उतरवला जातो. हे त्याहून वाईट.

पण खरी फसवणूक जंप स्टार्टमध्ये आहे. शेजारच्या गाडीवरून केबल लावली, आपली भुर्रकन सुरू झाली, म्हणजे बॅटरीच गेली होती ना? नाही! काळी केबल बरोबर पद्धतीने म्हणजे इंजिनच्या धातूवर लावली असेल तर करंटला परतीची नवी वाट मिळाली, सडकी पट्टी बाजूलाच राहिली. गाडी सुरू झाली ती दुसऱ्या बॅटरीमुळे की त्या केबलमुळे, कसं कळणार? नाहीच कळत. मीही फसलो. माझ्या जुन्या टाटा 207 पिकअपला जंप दिला, चालली, बॅटरी बदलून आलो, आणि आठ दिवसांत परत टक्. गिअरबॉक्सजवळची पट्टी नुसती हलवली तर लगसकट हातात आली, आतून हिरवी भुकटी. बॅटरीच्या पैशात तशा पंचवीस पट्ट्या आल्या असत्या.

तर दुसरी गाडी बोलवू नका. आपलीच एक जंप केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, केबल फॅन-बेल्टपासून लांब. आता सेल्फ जोरात फिरला तर दोष अर्थचा, दुकानात जाऊ नका.

मीटर असेल तर अजून सोपं. दोन्ही टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच धरा, वरच्या क्लॅम्पवर नाही, आणि घरातल्या कोणालातरी चावी फिरवायला सांगा. आकडा धाडकन 9.6 च्या खाली गेला तर पहिला संशय बॅटरीवर. सेल्फ रडतोय आणि मीटर मात्र साडेअकरा-बारा दाखवतोय, तर बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कोणीतरी अडवतंय. मग एक टोक मायनस खुंटावर, दुसरं इंजिनवर: चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पट्टी गेली. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येसुद्धा बघा, कारण क्लॅम्पच कुजला असेल तर दिवेही मालवतात आणि हुबेहूब बसलेली बॅटरी वाटते. कुठेच काही सापडलं नाही, बॅटरी बाराच्या वर आणि फक्त एक टक्, तर सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट, तो वेगळा विषय.

साफ करताना मायनस आधी सोडा. पांढरी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, लग आणि चेसिस चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. पावसाआधी खालून काळा रंग मारणारे लग सोडवून चेसिसवरही ब्रश फिरवतात आणि बोल्ट परत त्या रंगावरच आवळतात, त्यांच्यावर माझा खास राग आहे.

मी आता एक जादा जाड वायर टाकलीय, मायनसवरून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला. यंदा एक ऑगस्टला अर्ध्या चावीत सुरू झाली. काका कठड्यावरून म्हणाले, "बॅटरी बरी लागली हो तुला."