केंद्राच्या संशोधन आणि तांत्रिक पदांचा अर्ज: आपल्याकडची मुलं अडतात ती कागदापाशी

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, केंद्रानं २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले, तेव्हापासून इस्रो, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), सीएसआयआर (केंद्राच्या प्रयोगशाळांची संस्था) यांच्या जाहिराती घेऊन येणारी मुलं वाढली. अभ्यास चांगला असतो, अर्ज बाद होतो तो कागदावर.

पात्रता थोडक्यात: टेक्निशियनला दहावी आणि आयटीआय, टेक्निकल असिस्टंटला डिप्लोमा. प्रकल्पातल्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) एमएस्सीसोबत नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा. २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन, त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते जातीचं. गेल्या वर्षी अहमदपूरकडचा एक मुलगा लॅमिनेट केलेलं एनटी-डीचं (राज्यातल्या भटक्या जमातींच्या गटाचं) प्रमाणपत्र घेऊन आला. केंद्रात एनटी, व्हीजे (विमुक्त जाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे रकानेच नाहीत. वंजारी, धनगर केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, पण त्यासाठी नॉन-क्रिमी लेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं. सेतूत न विचारता राज्याचाच नमुना हातात देतात. अर्ज करतानाच 'केंद्राचं पाहिजे' म्हणून सांगा आणि मिळाल्यावर भारत सरकारच्या पदांसाठी असा उल्लेख आहे का, तिथंच उभं राहून वाचा. एका ओळीसाठी मुलाचं वर्ष जातं, आणि खिडकीपलीकडून कुणी ते सांगत नाही, याचा फार राग येतो.

मराठा उमेदवारांनो, एसईबीसी हे राज्याचं आरक्षण केंद्रात चालत नाही. कुणबी नोंद असेल तर ओबीसी, नसेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघा. त्याला कुटुंबाचं मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, शेतीचंही धरून. जमीन मात्र ५ एकरांच्या आतच हवी. कोरडवाहू ५ एकरांत काय पिकतं ते आपल्याला ठाऊक आहे, पण नियम कोरडवाहू-बागायती बघत नाही. आई-वडिलांचे सातबारे एकत्र मोजा, मगच तलाठ्याकडे जा.

दुसरी अडचण तारखेची. पात्रता मोजतात ती जाहिरातीत दिलेल्या तारखेला, बहुतेक वेळा अर्जाच्या शेवटच्या दिवशी. परीक्षा चार महिन्यांनी आहे, तोवर निकाल लागेल, हा हिशेब धरू नका. अंतिम वर्षाचे उमेदवार चालतील असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच भरा.

सीजीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) स्वतःच दहानं गुणून टक्के लिहू नका. विद्यापीठाकडून रूपांतराचं पत्र आधीच काढून ठेवा. इस्रोच्या इंजिनियर पदाला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए मागतात, तिथं अर्ध्या टक्क्यावर घोडं अडतं.

आधारवर आणि दहावीच्या सनदेवर नाव सारखं आहे ना, तेही आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबई गाठायची आणि पडताळणीच्या टेबलावरून परत फिरायचं, असं झालेल्या दोघी मी पाहिल्या आहेत.